हरणाऱ्या संघाला नवे सहायक प्रशिक्षक किती तारतात?

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड इथं नोटर डेम हे विद्यापीठ आहे. त्याच्या फुटबॉल संघाला शंभरहून अधिक वर्षांची परंपरा आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे मैदानावर लाथाडतात तो नव्हे, तर हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल. २०१६ च्या हंगामात हा संघ बारापैकी आठ सामने हरला. मुख्य प्रशिक्षक ब्रायन केली यांची खुर्ची शाबूत राहिली, पण त्यांच्या हाताखालची माणसं बदलली. बचावाची सूत्रं वेक फॉरेस्ट विद्यापीठातून आलेल्या माइक एल्को यांच्याकडे गेली आणि आक्रमणाची मेम्फिसहून आलेल्या चिप लाँग यांच्याकडे. चेंडू पायानं टोलवण्याच्या खेळासाठी ब्रायन पोलियन आले. खेळाडूंची ताकद आणि दमसास वाढवण्याचं काम मॅट बॅलिस यांनी हाती घेतलं. पुढच्या हंगामात संघानं तेरापैकी दहा सामने जिंकले.

चारावरून दहावर! सगळं श्रेय नव्या माणसांना देऊन मोकळं व्हावं, असंच कुणालाही वाटेल. संख्याशास्त्राला मात्र एवढ्या घाईनं श्रेय देता येत नाही. नवा प्रशिक्षक येतो केव्हा, तर संघ तळाला गेलेला असतो तेव्हा. आणि तळाला पोचण्यात कमकुवतपणाबरोबर बहुतेक वेळा वाईट नशिबाचाही वाटा असतो. कमकुवतपणा पुढच्या वर्षीही राहू शकतो, पण नशीब तितकंच वाईट राहण्याची शक्यता कमी. त्यामुळे काहीही बदललं नाही तरी पुढचं वर्ष थोडं बरं जाण्याची शक्यता जास्त. संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणं’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली पालकांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करताना हे दाखवून दिलं. खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीनं आईवडिलांइतकी नाही.

नोटर डेमचे २०१६ चे निकाल समोर ठेवले, की नशिबाचा वाटा उघड दिसतो. आठ पराभवांपैकी सात आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकानं झाले. टेक्सासविरुद्ध दोन जादा डावांनंतर ५०-४७, ड्यूकविरुद्ध ३८-३५, नेव्हीविरुद्ध २८-२७. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेण्याचे, सहा गुण आणि त्यानंतर एक किंवा दोन जादा गुण मिळू शकतात, म्हणून आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाच्या सामन्याला तिथं ‘एका स्कोअरचा सामना’ म्हणतात. त्या वर्षी नोटर डेमनं असे आठ सामने खेळले आणि फक्त एक जिंकला, मायामीविरुद्धचा, ३०-२७.

त्यातला एक सामना जवळून पाहण्यासारखा आहे. ८ ऑक्टोबर २०१६ ला नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या राली शहरात, मॅथ्यू चक्रीवादळाच्या पावसात, नोटर डेम आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट समोरासमोर होते. मैदानात पाणी साचलेलं, चेंडू हातातून निसटत होता. दोन्ही संघांना मिळून संपूर्ण सामन्यात एकच टचडाउन करता आला. तो असा: चौथ्या सत्रात नोटर डेमचा पंट, म्हणजे चेंडू लांब टोलवून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणारी किक, अडवला गेला. सुटलेला चेंडू उचलून विरुद्ध संघाचा खेळाडू थेट टचडाउनच्या रेषेपार गेला. नोटर डेम १०-३ नं हरलं. या निकालावरून बचावाच्या प्रशिक्षकाची लायकी ठरवता येईल का? त्याच्या खेळाडूंनी त्या दिवशी एकही टचडाउन दिला नव्हता.

आठ चुरशीचे सामने, आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंना समान संधी, असं धरलं तर एक किंवा एकही न जिंकण्याची शक्यता २५६ मध्ये ९, म्हणजे साधारण साडेतीन टक्के येते. ही शक्यता दुर्मीळ आहे, पण विलक्षण नाही. त्या वर्षी अव्वल श्रेणीत १२८ विद्यापीठं खेळत होती. प्रत्येकानं असे आठ सामने खेळले असते, तर निव्वळ योगायोगानं चारेक संघांची अशी दैना झाली असती. त्या प्रत्येक ठिकाणी कुणा ना कुणा सहायक प्रशिक्षकाला घरी पाठवण्याची मागणी उठली असती.

मग संघाचा खरा दर्जा मोजायचा कसा? जिंकले-हरलेले सामने मोजण्यापेक्षा केलेले आणि दिलेले गुण पाहावेत. बेसबॉलचे आकडे चाळणाऱ्या बिल जेम्स यांनी त्यासाठी एक सूत्र सुचवलं. केलेल्या गुणांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला केलेल्या व दिलेल्या गुणांच्या वर्गांच्या बेरजेनं भागायचं, की विजयांचं अपेक्षित प्रमाण मिळतं. वर्गांची बेरीज आली म्हणून त्याला पायथागोरसचं नाव चिकटलं. अमेरिकन फुटबॉलसाठी दोनऐवजी २.३७ हा घातांक वापरण्याची पद्धत आहे. नोटर डेमनं २०१६ मध्ये ३७१ गुण केले आणि ३३४ दिले. आठ सामने हरलेल्या संघानं दिलेल्यापेक्षा जास्त गुण केले होते! सूत्रात हे आकडे घातले, तर बारा सामन्यांत ६.७ विजय अपेक्षित होते. मिळाले चार.

२०१७ मध्ये तेरा सामन्यांत ४४५ गुण केले, २७९ दिले. अपेक्षित विजय ९.८, प्रत्यक्षात दहा. म्हणजे २०१७ चा निकाल संघाच्या दर्जाला साजेसाच होता, २०१६ चा नव्हता. दोन्ही वर्षं बारा सामन्यांच्या मापात आणली, तर विजय चारावरून नऊच्या किंचित पुढे गेले. त्यातले पावणेतीन-तीन विजय फिरलेल्या नशिबाचे, उरलेले सव्वादोन-अडीच खऱ्या सुधारणेचे. ढोबळमानानं निम्मं-निम्मं. उरलेला निम्मा भाग मला मोलाचा वाटतो. प्रतिस्पर्ध्यांना दिलेले गुण सामन्यामागे २७.८ वरून २१.५ वर आले. एका वर्षात एवढी घसरण सहज होत नाही.

एल्को यांच्या आधी बचाव ब्रायन व्हॅनगॉर्डर यांच्याकडे होता. ते व्यावसायिक फुटबॉलमधून, न्यूयॉर्क जेट्स संघाकडून आले होते. त्यांची बचावाची पद्धत कॉलेजच्या मुलांना पेलवण्याइतकी सोपी नाही, अशी टीका सतत होत असे. या टीकेला मानसशास्त्राचा आधार मिळतो. १९५२ मध्ये विल्यम हिक यांनी आणि पाठोपाठ १९५३ मध्ये रे हायमन यांनी प्रयोगांतून दाखवलं, की समोरचे पर्याय दुप्पट झाले की प्रतिसादाच्या वेळात दर वेळी साधारण तेवढीच भर पडते. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, चेंडू हलताच समोरच्या गार्डचं, म्हणजे आक्रमणाच्या पहिल्या फळीतल्या खेळाडूचं, पाऊल कुठे पडतं ते पाहतो आणि धावायची दिशा ठरवतो. त्याच्या डोक्यात प्रत्येक मांडणीसाठी दोन शक्यता असणं वेगळं आणि आठ असणं वेगळं. तेवढ्या क्षणात चेंडू घेतलेला खेळाडू त्याच्या बाजूनं निसटून जातो.

भरपूर सरावानं हा वेळ कमी होतो, हेही प्रयोगांतून दिसलं आहे. व्यावसायिक खेळाडूला तेवढा सराव मिळतो. कॉलेजच्या मुलाला मात्र नियमानं हंगामात आठवड्याला वीस तासच खेळाची सक्ती करता येते. बाकी वेळ वर्ग, परीक्षा, झोप. म्हणून कॉलेजमध्ये चांगला सहायक प्रशिक्षक मला आधी चांगला शिक्षक वाटतो. काय शिकवायचं नाही, हे त्याला ठरवता आलं पाहिजे.

खऱ्या सुधारणेचं सगळं श्रेय मात्र एल्को यांना देता येणार नाही. खेळाडू एक वर्षानं मोठे झाले होते, व्यायामाचा कार्यक्रम बदलला होता, प्रतिस्पर्धी वेगळे होते. आक्रमणात क्वेंटन नेल्सन आणि माइक मॅकग्लिन्ची होते. पुढच्याच वर्षी व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत दोघांचीही निवड झाली. एकाच संघाच्या एका वर्षावरून हे धागे सुटे करता येत नाहीत. त्यासाठी पुष्कळ संघ हवेत, आणि तुलनेला माणूस न बदललेले तितकेच वाईट संघही हवेत. स्कॉट अ‍ॅडलर आणि सहकाऱ्यांनी मुख्य प्रशिक्षकांबाबत असा अभ्यास करून तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. फारच वाईट खेळणाऱ्या संघांमध्ये प्रशिक्षक बदललेले आणि न बदललेले जवळपास सारखेच वर आले. मध्यम संघांमध्ये तर बदल करणारे मागे पडले.

हंगामाच्या मध्यात केलेल्या बदलाचं मोजमाप आणखी फसवं असतं. व्हॅनगॉर्डर यांना २५ सप्टेंबर २०१६ ला काढलं. पहिल्या चार सामन्यांत संघानं सामन्यामागे ३३.५ गुण दिले होते, उरलेल्या आठांत २५. उपाय लागू पडला, असं वाटतं. पण त्या आठांत वादळातला सामना आहे. घड्याळ खात हळूहळू पुढे सरकणारे आर्मी आणि नेव्ही हे लष्करी अकादमींचे संघही आहेत; अशा खेळात गुण करायच्या संधीच कमी मिळतात. शिवाय माणूस काढला तोच मुळी सगळ्यात वाईट क्षणी. गुण उतरूनही त्या आठांतले पाच सामने संघ हरलाच.

एल्को एका हंगामानंतर, जानेवारी २०१८ मध्ये, टेक्सास ए अँड एमला गेले. त्यांच्याबरोबर वेक फॉरेस्टहून आलेले लाइनबॅकर्सचे प्रशिक्षक क्लार्क ली यांना बढती मिळाली. माणूस बदलला, शिकवणीचा वारसा राहिला, आणि दिलेले गुण सामन्यामागे १८.२ वर उतरले. २०१८ मध्ये नोटर डेमनं नियमित हंगामातले बाराही सामने जिंकले. मग क्लेमसननं त्यांना ३०-३ असं धुतलं. त्या वर्षी एका स्कोअरचे पाच सामने झाले आणि पाचही नोटर डेमनं जिंकले. गुणांच्या सूत्रानुसार तेरा सामन्यांत दहाच्या थोडे वर विजय अपेक्षित होते, मिळाले बारा. या वेळी नशीब त्यांच्या बाजूला होतं. अपेक्षित विजयांचं प्रमाण पाहिलं, तर तीन वर्षांत ते ५६ टक्के, ७५ टक्के, ७८ टक्के असं चढत गेलं. मोठी उडी नवी माणसं आली त्या वर्षाचीच आहे, फक्त ती चारावरून दहाएवढी नाही.