टर्बोची फडफड आणि सात किलोंचा हिशेब

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर दुसऱ्या गियरमध्ये गाडी खेचत होतो. पुढच्या ट्रकचे ब्रेक लाइट लागले, मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि बॉनेटखालून कबुतरं उडाल्यासारखी फडफड ऐकू आली. आठवडाभरापूर्वीच टर्बोला बाहेरचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह बसवून घेतला होता.

टर्बोचा पंखा एग्झॉस्टच्या गरम वायूवर मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि इंजिनात हवा दाबून भरतो. पाय काढला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, बंद होतं, पंखा मात्र हवा दाबतच राहतो. कोंडलेली हवा उलटी फिरून त्याच्यावरच आदळते, तीच ही फडफड. त्या हवेला वाट करून पुन्हा पंख्याच्या आधीच्या पाइपात सोडायचं, एवढंच या व्हॉल्व्हचं काम. बहुतेक डिझेल गाड्यांत थ्रॉटल असं मिटत नाही, म्हणून ही कटकट पेट्रोल टर्बोवाल्यांची.

आता खरी गंमत. व्हॉल्व्हच्या पिस्टनला खालून पाइपातला दाब उचलतो. वरून स्प्रिंग आणि बारीक नळीतून येणारा मॅनिफोल्डचा (थ्रॉटलच्या पुढे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांचा) दाब त्याला बसवून ठेवतात. गाडी जोरात असताना वरखाली दाब जवळपास सारखाच, त्यामुळे साधी स्प्रिंगही पुरते. पाय काढताच खाली ०.८ बार बूस्ट (बाहेरच्या हवेहून जास्त दाब), वर ०.६ बार व्हॅक्यूम (बाहेरच्या हवेहून कमी दाब): फरक १.४ बार. पिस्टन २५ मिमी व्यासाचा धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर. १ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. म्हणजे उचलणारा जोर जवळजवळ ७ किलो! आयडलिंगला, बूस्ट नसताना, हाच जोर ३ किलो. हलक्या ०.२ बार बूस्टवर पाय काढला तर ४. आयडलिंगला व्हॉल्व्ह बंद राहावा आणि हलका पाय काढल्यावर उघडावा, म्हणून स्प्रिंग बसवायची ती या तीन-चारच्या मधे कुठेतरी.

वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकने स्प्रिंगला हातच लावला नाही. "दादा, आधी नळी बघू," म्हणत त्याने व्हॅक्यूमच्या बारीक नळीला हातपंप लावला. काटा चढला आणि हळूहळू उतरत गेला. नळी वाकवल्यावर टोकाशी केसाएवढी चीर उघडली. तिथून बाहेरची हवा शिरली की वरचा व्हॅक्यूम संपतो आणि ७ किलोंचे ४ उरतात. आमच्या स्प्रिंगला तेवढे पुरत नव्हते. सेंटिमीटरभर टोक कापून नळी पुन्हा घट्ट बसवली. काटा जागचा हलला नाही.

मोठी फडफड गेली. ट्रॅफिकमध्ये हलका पाय काढला की थोडी उरायची, म्हणून स्प्रिंगखालच्या दोन वॉशरपैकी एक काढला. दोन्ही काढायचा मोह होतो, पण मग अर्ध्या थ्रॉटललाच व्हॉल्व्ह उघडून बूस्ट गळतं आणि चढावर गाडी सुस्तावते. त्यामुळे एक वॉशर काढायचा, गायमुखपर्यंत जाऊन यायचं, मगच दुसऱ्याचा विचार. आमचं एकावरच भागलं.