वॉटरशेड: कणकुंबीचे आढे आणि १९६७ चा कौल

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. गोव्याच्या इतिहासावर इंग्रजीत लिहिणारे त्याला अनेकदा ‘वॉटरशेड’ म्हणतात. मराठीत येताना या शब्दाचा ‘मैलाचा दगड’ केला की अर्थ निसटतो. मैलाचा दगड ओलांडला तरी वाट तीच राहते. वॉटरशेडपाशी वाटा दोन होतात.

या जोडशब्दातल्या ‘शेड’चा पत्र्याच्या शेडशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेगळे करणे असा होता. काही बोलींत केसांतल्या भांगालाही शेड म्हणत. जर्मन भाषेत पाणी विभागणाऱ्या रेषेला ‘वासरशाइडे’ म्हणतात. त्याच धर्तीवर १९ व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत वॉटरशेड रुळला. आपला शास्त्रीय शब्द जलविभाजक. कौलारू घराचे आढे डोळ्यांपुढे आणले तरी पुरे: आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब अंगणात उतरतो, पलीकडचा परसात.

पुढे अमेरिकेत याच शब्दाला उताराचा, म्हणजे नदीला पाणी पुरवणाऱ्या सगळ्या प्रदेशाचा अर्थ चिकटला. आपल्याकडच्या ‘पाणलोट विकास’ योजनांतला वॉटरशेड तो. एकच शब्द आढ्यालाही आणि छपरालाही! गोव्याच्या म्हादई नदीवरचे इंग्रजी लेखन वाचताना हा फरक ध्यानात ठेवावाच लागतो.

गोव्यापुरते आढे म्हणजे सह्याद्री. चोर्ला घाट चढून बेळगावकडे जाताना खानापूर तालुक्यातले कणकुंबी लागते. तिथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कृष्णेला, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच परिसरातला कळसा नाला मात्र म्हादईकडे वळतो. ते पाणी मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात जाते. एका गावच्या पावसाला दोन समुद्र.

म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या कर्नाटकाच्या कळसा-भंडुरा प्रकल्पाचा वाद याच रेषेवरचा आहे. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. बातम्यांत हाच आकडा ठळक येतो. मला त्यातले ३.९ टीएमसी अधिक महत्त्वाचे वाटतात, कारण तेवढे पाणी खोऱ्याबाहेर, मलप्रभेत न्यायचे आहे. वीजनिर्मितीसाठी दिलेले ८.०२ टीएमसी वापरून झाल्यावर खोऱ्यातच राहते. आढ्यापलीकडे गेलेले पाणी परत येत नाही. निसर्गातही विभाजक सरकतात. पश्चिमेच्या नद्या तीव्र उतारामुळे डोंगर मागे मागे पोखरत जातात आणि रेषा पूर्वेकडे हटते. पण त्याला लाखो वर्षे लागतात, कालव्याला काही वर्षे पुरतात.

निर्णायक क्षण हा लाक्षणिक अर्थ १९ व्या शतकातच आला. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर तर रात्री ९ च्या वेळेलाच वॉटरशेड म्हणतात: त्यानंतर प्रौढांसाठीचे कार्यक्रम. १९६७ च्या कौलाला मात्र हा शब्द मुळापासून लागू पडतो. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर ‘फूल’, संघप्रदेश राहायचे तर ‘दोन पाने’. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. शेजारी शेजारी राहणारी, एकाच देवळात कौल लावणारी माणसे त्या दिवशी दोन बाजूंना गेली, आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने गोव्याचा प्रवाह वेगळा झाला. ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाले ते त्याच उतारावर.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला होता. त्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. भाषेच्या बाबतीत ही रेषा कणकुंबीइतकी स्पष्ट पडली नाही. फोंड्या-डिचोलीकडच्या कितीतरी घरांत आजही सकाळचे वर्तमानपत्र मराठी असते आणि त्यावरची चर्चा कोंकणीत होते.