मोबाइल-प्रथम रचना

संकेतस्थळाचे पान आधी मोबाइलच्या अरुंद पडद्यासाठी बसवायचे आणि नंतर मोठ्या पडद्यासाठी वाढवत न्यायचे, अशी पद्धत. व्यवहारात ‘मोबाइल फर्स्ट’ म्हणतात. संकेतस्थळांचे रचनाकार ल्यूक व्रोब्लेव्स्की यांनी २००९ मध्ये ही कल्पना मांडली. पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणाऱ्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेचे नाव वेब रचनाकार ईथन मार्कोट यांच्या २०१० च्या लेखातले.

विदर्भातल्या खेड्यांत अनेक घरांनी संगणक पाहिलाच नाही, थेट मोबाइल आला. तिथे मोबाइलचे पान हेच मूळ पान.

बाजार समितीचे भाव घ्या. आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर हा आडवा तक्ता संगणकावर शोभतो. मोबाइलच्या ३६० पिक्सेल रुंद पडद्यावर मात्र पिकाचे नाव एका टोकाला आणि दर दुसऱ्या टोकाला जातो. बोटाने सरकवताना ओळ चुकते, सोयाबीनचा भाव तुरीचा वाटतो. धुऱ्यावर उभ्या माणसाला एवढेच हवे असते : आज तुरीला काय भाव? म्हणून पीक आणि सर्वसाधारण दर वर, ठळक. बाकीचे आकडे त्याखाली उभे. काय आधी दाखवायचे हे ठरवणे, हाच या पद्धतीचा गाभा.

तांत्रिक बाजू सोपी आहे. मूळ सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी आणि रूप ठरवणारे नियम, अरुंद पडद्यासाठी लिहितात, रुंद पडद्याचे नियम ‘मिन-विड्थ’ (किमान रुंदी) अटीने जोडतात. पान फोनच्याच रुंदीत बसवा असे ब्राउझरला सांगणारा व्ह्यूपोर्टचा टॅग द्यायचा राहिला, तर बहुतेक मोबाइल ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद धरून सगळे आक्रसून दाखवतात.

देवनागरीला ओळींत जास्त मोकळी जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजळपणाचा फरक, अपंगांनाही पान वापरता यावे यासाठीच्या ‘डब्ल्यूसीएजी’ या सुलभतेच्या निकषांनुसार, किमान ४.५:१ हवा, चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात फिकट करडी अक्षरे दिसतच नाहीत. बटणासाठी याच निकषांच्या २.२ आवृत्तीने किमान २४ पिक्सेल सांगितले असले, तरी वावरातून आलेल्या राठ बोटांना ते अपुरे पडतात. अँड्रॉइडचे ४८ चे माप धरावे. सातबाऱ्यासाठी गट क्रमांक विचारताना आकड्यांचा कीबोर्ड उघडावा, आणि अर्धा अर्ज भरून रेंज गेली तर भरलेली माहिती फोनमध्येच जपून ठेवावी.