पाण्यातील सेलेनियम आणि प्रकाश-उत्प्रेरणाचा उपाय : पार्श्वभूमी

दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडीच्या शिवारात एनटीपीसीचा औष्णिक वीज प्रकल्प, प्रत्येकी ६६० मेगावॅटच्या दोन संचांसह, उभा राहिल्यापासून कोळशाविषयीची येथील चर्चा राख, धूर आणि उजनीचे पाणी यांभोवती फिरत आली आहे. कोळशात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या सेलेनियमचे नाव तीत क्वचितच निघते. कोळसा जळताना हे मूलद्रव्य वायुरूप होऊन धुरासोबत निघते आणि जेथे धुरातील सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या मिश्रणाने धुऊन काढला जातो, तेथे सेलेनियमचा काही भाग धुण्याच्या पाण्यात उतरतो. त्या पाण्यात हवा सोडली जात असेल, तर तो बहुतांशी सेलेनेटच्या, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेल्या विद्राव्य, रूपात राहतो, आणि नेमके हेच रूप पाण्यातून काढणे सर्वांत अवघड असते.

स्वीडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातील गाळातून सेलेनियम शोधले. पुढे दीर्घकाळ ते केवळ विष मानले गेले. सजीवांना त्याची अत्यल्प मात्रा आवश्यक असते, हे १९५७ मध्ये स्पष्ट झाले. आवश्यक मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर फार थोडे असल्यामुळे भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यासाठी दर लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक मर्यादा घातली आहे. या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले ते कॅलिफोर्नियातील केस्टरसन जलाशयाने. सिंचित शेतांतील निचऱ्याचे पाणी तेथे साठवले जात होते आणि १९८३ मध्ये तेथील पाणपक्ष्यांची पिल्ले विकृत अवयवांसह आढळली. आपल्याकडे पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर भागांत जमिनीतच सेलेनियम अधिक आहे. सोलापूरच्या काळ्या जमिनीची जात वेगळी असली, तरी सिंचनाचा निचरा शेवटी कोठे साचतो हा प्रश्न आपल्या ऊसपट्ट्यालाही परका नाही.

सेलेनाइट, म्हणजे कमी ऑक्सिजन असलेले सेलेनियमचे दुसरे रूप, लोहाच्या संयुगांना सहज चिकटते, सेलेनेट मात्र सल्फेटसारखे वागते आणि पाण्यात विरघळलेलेच राहते. म्हणून त्याचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, अविद्राव्य मूलद्रव्यरूपात आणणे हा खात्रीचा मार्ग ठरतो. जिवाणू हे काम करतात, परंतु त्यांना वेळ लागतो आणि थंडीत त्यांचा वेग मंदावतो.

प्रकाशाचा मार्ग येथे पुढे येतो. प्रकाश पडला की रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ, म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक, त्यात वापरला जातो. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले. अतिनील प्रकाशाने या अर्धवाहकात इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि त्याच्या जागी धनभारित होल उरतो. रंगणीच्या सांडपाण्यातील रंग नष्ट करण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडची पूड वापरताना भर होलच्या ऑक्सिडीकरणावर, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेण्यावर, असतो. सेलेनेटसाठी त्याच पुडीतील इलेक्ट्रॉन कामाला लावायचा असतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानमध्ये या दिशेने प्रयोग झाले. होलला दुसरे काही खाऊ घातले नाही तर तो इलेक्ट्रॉनशी पुन्हा मिळून सारे श्रम वाया घालवतो, म्हणून पाण्यात सेंद्रिय पदार्थ मिसळावा लागतो. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात रोझ अमल यांच्या गटाने या शतकाच्या प्रारंभी असे अनेक पदार्थ तपासले आणि त्यांत फॉर्मिक आम्ल सर्वांत प्रभावी ठरले.

मात्र खरी अडचण याच यशात दडलेली होती. पुडीवर जमा होणारे सेलेनियम स्वतःही अर्धवाहक आहे. प्रकाश चालूच राहिला, तर त्याचे आणखी क्षपण होऊन हायड्रोजन सेलेनाइड हा अतिविषारी वायू तयार होऊ शकतो. पाण्यातील सेलेनियम कमी झाल्याचा आकडा अशा वेळी दिशाभूल करू शकतो, कारण धोका पाण्यातून हवेत गेलेला असतो. त्यामुळे नंतरच्या संशोधनात उत्प्रेरकाचा वेग वाढवण्याइतकेच महत्त्व घन सेलेनियमपाशी क्रिया थांबवण्याला, किंवा वायू झालाच तर तो बंदिस्त पकडण्याला आले, आणि माझ्या मते हाच या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा आहे.

सोलापूरचे कडक ऊन पाहता हा उपाय येथे सहज जमेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच प्रकाश चालतो आणि सूर्यप्रकाशात अशा किरणांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच असतो. त्यात फॉर्मिक आम्लाचा खर्च, पाण्यातून पूड वेगळी काढण्याची खटपट आणि सल्फेटसारख्या क्षारांची उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावरील स्पर्धा यांची भर पडते. म्हणून येथील एखाद्या प्रयोगशाळेने हे काम हाती घेतल्यास तिने शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या सेलेनेटपेक्षा धूर धुतलेल्या खाऱ्या पाण्यापासून सुरुवात करावी आणि पाण्याबरोबर वर उठणारा वायूही मोजावा.