नामात्जिरांना दिलेलं ‘नागरिकत्व’

जांभळे डोंगर, तांबडी माती, पुढ्यात पांढऱ्याफटक बुंध्याची निलगिरी. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाचं हे रूप घराघरात पोचलं ते अल्बर्ट नामात्जिरांच्या जलरंगांमुळे. जन्म १९०२ चा, हर्मन्सबर्गच्या ल्युथरन मिशनवर; जमात अरेर्न्टे. १९३६ मध्ये एका गोऱ्या चित्रकाराचे उंट सांभाळायला ते बरोबर गेले आणि त्या बदल्यात जलरंग शिकून आले. दोनच वर्षांनी मेलबर्नमध्ये पहिलं प्रदर्शन भरलं. ४१ चित्रं होती, सगळी खपली. ‘गोऱ्यांची नक्कल’ म्हणून नाकं मुरडणारे समीक्षक होतेच. ते डोंगर चित्रकाराच्या पूर्वजांचे आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

खरा घोळ १९५७ चा. नामात्जिरांना ‘नागरिकत्व बहाल झालं’ असं आजही सर्रास लिहिलं जातं. कायद्याने ते १९४९ पासून नागरिक होतेच. झालं एवढंच, की नॉर्दर्न टेरिटरीच्या प्रशासनाने तिथल्या जवळपास सगळ्या आदिवासींना सरकारचे ‘पाल्य’ ठरवणारी यादी केली आणि तीत या नवरा-बायकोची नावं घातली नाहीत. म्हणजे अज्ञान बालकांच्या रांगेतून दोघांना तेवढं बाहेर काढलं. याच माणसाकडून आयकर वसूल होत होता आणि १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला घर बांधायची परवानगी मात्र नाकारली होती.

यादीतून सुटल्यामुळे दारू विकत घेता येऊ लागली. ती पाल्याला देणं हा मात्र गुन्हा! जमातीत मिळालेलं वाटून खायची रीत, आणि नातेवाईक बहुतेक सगळे यादीतले. १९५८ मध्ये गाडीत ठेवलेली रमची बाटली जमातीतल्याच एका चित्रकाराच्या हाती लागू दिली म्हणून खटला झाला. सहा महिन्यांची सक्तमजुरी अपिलात तीन महिन्यांवर आली. त्यातले सुमारे दोन त्यांनी पापुन्याच्या वस्तीत स्थानबद्धतेत काढले. सुटल्यावर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९५९ मध्ये, ते गेले.

हक्कांची परवड पुढेही चालूच राहिली. १९८३ मध्ये सरकारी विश्वस्ताने चित्रांचे स्वामित्वहक्क एका प्रकाशनसंस्थेला ८,५०० डॉलरना विकून टाकले, कुटुंबाला न विचारता. ते २०१७ मध्ये एका डॉलरला कुटुंबाच्या न्यासाकडे परत आले. त्यांची मुदत २०२९ अखेर संपते.