माकुलाच्या चेतातंतूतली वीज

1939 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली माकूल (स्क्विड) या समुद्री प्राण्याच्या अक्षतंतूत, म्हणजे चेतापेशीच्या संदेश वाहणाऱ्या लांब धाग्यात, पाऱ्याचा थेंब सोडायच्या खटाटोपात होते. हॉजकिन 25 वर्षांचे, हक्सली जेमतेम 21. थेंब किती वेगाने खाली उतरतो त्यावरून तंतूच्या आतला द्रव किती दाट आहे ते त्यांना मोजायचं होतं. थेंब जागचा हललाच नाही, कारण आत घट्ट गर होता. प्रयोग फसला. पण तंतू उभा टांगलेलाच होता, तेव्हा वरून त्यात काचेची बारीक नळी उतरवून आतलं व्होल्टेज थेट मोजता येईल असं लक्षात आलं.

हे जमलं ते माकुलाच्या कृपेने. आपला अक्षतंतू फार तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाड. माकुलाचा सर्वांत मोठा तंतू अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही जाड. शत्रू दिसताच अंगातलं पाणी जोरात फेकून त्याला पळायचं असतं, आणि तंतू जितका जाड तितका संदेश वेगवान. (कोकणात याच कुळातल्या माकुलाच्या कड्या तळून खाताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही, ते बरंच आहे.)

चेतापेशी शांत असताना तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पेशीपटल इतकं पातळ असतं की हिशोब केला तर दर सेंटिमीटरला लाखभर व्होल्टचा ताण निघतो. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. हा फरक टिकवायला पटलातले पंप दर फेरीला सोडियमचे 3 आयन (विद्युतभारित अणू) बाहेर काढतात आणि 2 पोटॅशियम आत घेतात. विश्रांतीतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा मेंदू खातो, त्यातला बराचसा या राखणीवर जातो.

संदेश जाताना पटल क्षणभर गळकं होतं आणि व्होल्टेज शून्यावर येतं, अशी तेव्हाची समजूत होती. नळीतून दिसलं ते वेगळंच. व्होल्टेज शून्य ओलांडून पलीकडे गेलं, आतली बाजू सुमारे 40 मिलिव्होल्टने धन झाली! नुसत्या गळतीने असं होत नाही. पण काही आठवड्यांत युद्ध पेटलं आणि काम थांबलं.

युद्धानंतर हॉजकिन आणि बर्नार्ड काट्झ यांनी तंतूभोवतीच्या पाण्यातलं सोडियम कमी करून पाहिलं, तर उसळीही खुजी झाली. म्हणजे करामत सोडियमची होती. पटलात सोडियमसाठी दारं असतात. व्होल्टेज थोडं वर सरकलं की ती उघडतात, सोडियम आत घुसतं, व्होल्टेज आणखी चढतं, आणखी दारं उघडतात. मिलिसेकंदभरात ती मिटतात. मग पोटॅशियमची दारं उघडून सगळं पूर्ववत होतं. तोवर शेजारची दारं जागी झालेली असतात. फटाक्याच्या वातीवर ठिणगी सरकते तसा संदेश सरकतो, शेवटपर्यंत तेवढ्याच जोराने. फरक इतकाच, की ही वात काही मिलिसेकंदांत पुन्हा पेटायला तयार असते.

1952 मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी हे समीकरणांत मांडलं. ती सोडवायला केंब्रिजचा संगणक उपलब्ध नव्हता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली. उत्तर आलं सेकंदाला 18.8 मीटर, प्रत्यक्ष तंतूत मोजलेला वेग होता 21.2. दारं कुणी पाहिलेलीही नव्हती, हे ध्यानात घेतलं तर ही मजल थक्क करणारी आहे. पोटॅशियमचं दार उघडायला चार घटक एकाच वेळी जागेवर यावे लागतात, असं त्यांनी गणितापुरतं धरलं होतं. 1998 मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी जिवाणूतल्या पोटॅशियम दाराची रचना उलगडली, तर ते चार सारख्या भागांचंच निघालं.

जाडीचा उपाय आपल्याला परवडला नसता. आपल्या एका डोळ्याच्या चेतेत दहा लाखांवर तंतू असतात. ते माकुलाएवढे जाड असते तर ती चेताच अर्धा मीटर रुंद झाली असती. आपले तंतू बारीकच राहिले आणि त्यांतल्या अनेकांवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण आलं. त्यात मध्ये मध्ये उघड्या जागा असतात. सोडियमची दारं तिथेच दाटलेली असतात आणि संदेश एका जागेवरून पुढच्या जागेवर उडी घेत जातो, काही तंतूंत सेकंदाला शंभर मीटरहून वेगाने. ठणक वाहणाऱ्या तंतूंना मात्र हे वेष्टण नसतं, त्यांचा वेग सेकंदाला मीटर-दोन मीटरच. म्हणून पायाचं बोट दाराला आपटलं की आपटल्याचं लगेच कळतं, ठणक मागून येते.

दाताच्या डॉक्टरांकडे मिळणारं लिडोकेनचं इंजेक्शन याच सोडियमच्या दारांना बूच मारतं. दुखणं पोचवणारे बारीक तंतू आधी गप्प होतात, दाब कळवणारे जाड तंतू उशिरा. त्यामुळे दात उपटताना ओढ जाणवते, कळ नाही.