रिले टाकला, मग फ्यूज कशाला?

माझा मावसभाऊ काटोलहून पिकअपमध्ये संत्र्यांचे क्रेट घेऊन नागपूरच्या कळमना बाजारात येतो, तो बहुतेक वेळा रात्री नाहीतर पहाटे. हौद्यात अंधार, तोंडात मोबाइलचा टॉर्च धरून क्रेट मोजायचे, असा त्याचा खाक्या. अंबिया बहाराचा माल सुरू व्हायच्या आधी त्याने पिकअपच्या हौद्याला दोन्ही बाजूंनी एलईडी पट्टी लावून घेतली. काम दिसायला झकास होतं. दहा-बारा दिवसांनी माल उतरवत असताना केबिनच्या मागून धूर निघाला. त्याने खटका बंद केला, पण धूर थांबेना. शेवटी बोनेट उघडून बॅटरीची तार उपटली, तेव्हा कुठे थांबला.

वायरिंग करणाऱ्याला आम्ही विचारलं, फ्यूज कुठे आहे? तो शांतपणे म्हणाला, "रिले टाकला ना भाऊ, मंग फ्यूज कायले पाह्यजे?" तो थाप मारत नव्हता. त्याला मनापासून तसं वाटत होतं, आणि असं वाटणारे पुष्कळ आहेत.

गोंधळ होण्याला कारणंही तशीच आहेत. बोनेटखालच्या काळ्या डबीत दोन्ही शेजारी-शेजारी खोचलेले असतात आणि त्या डबीला सगळे 'फ्यूज बॉक्स'च म्हणतात. दोन्ही उपटून बदलता येतात. दोन्हींवर ॲम्पिअरचा आकडा असतो. त्यातून आपली सवय घरातल्या एमसीबीची. एमसीबी म्हणजे खटकाही आणि राखणदारही: बोटाने पाडता येतो आणि लोड वाढला की आपणहून पडतो. गाडीत ही दोन कामं दोन वेगवेगळ्या वस्तूंकडे आहेत.

फ्यूज म्हणजे सर्किटमधली मुद्दाम कमजोर ठेवलेली जागा. पारदर्शक प्लास्टिकच्या आत धातूची बारीक पट्टी असते. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला की ती तापून वितळते आणि रस्ता तुटतो. दुप्पट करंट गेला तर काही सेकंदांत, सरळ शॉर्ट झाला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ५ ॲम्पिअर फिका तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. रंग ओळखता आला की दुकानदार काय देतोय ते आकडा न वाचताही कळतं. बरं, फ्यूज दिवे वाचवायला नसतो. तो असतो वायर वाचवायला. पट्टी जळाली तर काहीशे रुपयांत नवी येते. चेसिसच्या कडेने गेलेली वायर पेटली तर गाडी जाते.

रिले हा खटका आहे, फक्त बोटाऐवजी लोहचुंबकाने दाबला जाणारा. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून थोडासा करंट सोडला की ते चुंबक बनतं, लोखंडी पाती ओढून घेतं आणि 'टिक' आवाज होऊन मोठ्या करंटचा रस्ता जुळतो. इंग्रजीत हे नाव डाकेच्या ताज्या घोड्यांवरून आलं: थकलेला घोडा चौकीवर बदलायचा आणि निरोप पुढे धाडायचा. तारायंत्राच्या काळात लांबून आलेला क्षीण संकेत पुढच्या तारेत जोमाने पाठवायला ही युक्ती वापरत. गाडीतही तेच. केबिनमधला बारीक खटका फक्त निरोप देतो, ओझं वाहतो तो रिले. वेटोळ्याला साधारण ०.१५ ॲम्पिअर पुरतो आणि त्यावर ३० किंवा ४० ॲम्पिअरची ये-जा हाताळली जाते.

आता घोळ कुठे होतो बघा. रिलेवर '३० ॲम्पिअर' लिहिलेलं असतं, म्हणून लोकांना वाटतं की ३० च्या वर गेलं की तो तोडेल. तो काहीच तोडत नाही. तो आकडा त्याच्या ताकदीचा आहे, त्याच्या पहाऱ्याचा नाही. उलट शॉर्ट होऊन बॅटरीतून शेकडो ॲम्पिअर धावले तर रिलेच्या आतली टोकं ठिणगीने एकमेकांना चिकटून बसू शकतात, वेल्डिंग झाल्यासारखी. मग खटका बंद केला, वेटोळ्यातलं चुंबक गेलं, तरी पाती सुटत नाही. मावसभावाच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. फाळक्याच्या बिजागरीजवळ वायर घासून सोलली, चेसिसला टेकली आणि रिले चिकटला. ज्याच्या भरवशावर फ्यूज वगळला, त्यानेच दार उघडं धरून ठेवलं.

आता त्याच्या हौद्याचा हिशोब. दोन्ही बाजू मिळून पट्टीचं पाच मीटरचं एक रीळ लागलं. ५०५० जातीची, मीटरला साठ एलईडी असलेली पट्टी मीटरमागे १४.४ वॅट खाते. पाच मीटरला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६ ॲम्पिअर. फ्यूज त्याच्या आकड्याच्या पाऊण हिश्शापर्यंतच सतत वापरावा, त्यामुळे ६ ला ८ ॲम्पिअर हवा आणि बाजारात त्याच्या वरचा मिळतो तो १० चा, लाल. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, बोनेटखाली तर विचारूच नका. त्या उष्णतेत काठोकाठ बसवलेला फ्यूज विनाकारण उडतो, म्हणून ही सवलत.

वायर १० ॲम्पिअरपेक्षा जास्त सहज पेलणारी हवी. दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर हे काम करते. अर्ध्या एमएमची घेतली तर बॅटरीपासून मागपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये दोन व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतात आणि पट्टी मलूल पेटते. दीड एमएममध्ये हीच घट पाऊण व्होल्टपेक्षा कमी. पट्टी अंधूक दिसली की लोक तिलाच नावं ठेवतात, दोष बहुतेकदा वायरचा असतो.

एवढ्या ६ ॲम्पिअरसाठी रिले हवाच का? खरं सांगायचं तर नाही. १० किंवा १५ ॲम्पिअरचा चांगला खटका डॅशबोर्डवर बसवला, तर रिलेशिवाय काम भागतं. फ्यूजशिवाय मात्र एक दिवसही नाही. आपल्याकडे होतं उलटं: रिले लावला की काम 'पक्कं' वाटतं, कारण तो मोठा दिसतो, टिक वाजतो आणि त्याचे पैसेही लावता येतात. दहा-वीस रुपयांच्या फ्यूजला कोण विचारतो!

पण रिले अगदीच बिनकामाचा नाही. हौद्याची लाइट गाडीच्या मूळ दिव्यांशी जोडायची असेल, म्हणजे रिव्हर्स टाकला की हौदाही उजळावा, तर रिले घ्यायलाच हवा. रिव्हर्स लॅम्पच्या वायरमधून थेट ६ ॲम्पिअर ओढू नयेत, ती वायर आणि तिचा फ्यूज त्यासाठी नसतात. नव्या गाड्यांत त्या दिव्यावर कंट्रोल युनिटची नजर असते, ते बिघाडाचा इशारा देतं किंवा स्वतःच खराब होतं. अशा वेळी रिव्हर्स लॅम्पने फक्त रिलेचं वेटोळं जागवायचं आणि ओझ्याचा करंट बॅटरीतून, फ्यूजमधून आणायचा. वेटोळं बंद होताना उलटा झटका मारतं, म्हणून आत तो झटका जिरवणारा डायोड असलेला रिले मागावा. मात्र त्यात वेटोळ्याच्या ८५ आणि ८६ या पिनांची उलटापालट चालत नाही. बाकी दोन पिना सोप्या: ३० वर बॅटरीकडून येणारी, ८७ वर पट्टीकडे जाणारी.

दुसरा उपयोग विसराळू माणसासाठी. वेटोळ्याला इग्निशनमधून करंट दिला तर चावी काढताच लाइट जाते. ६ ॲम्पिअर रात्रभर, आठ तास चालू राहिले तर ४८ ॲम्पिअर-तास संपतात, आणि सकाळी गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. यात अडचण एवढीच की इंजिन बंद करून माल उतरवायचा असेल तरी चावी फिरवून ठेवावी लागते. मावसभावाने ही सोय नाकारली. "मी नाही विसरत," म्हणाला. बघू.

फ्यूजची जागा ठरलेली: बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. रिले कुठेही ठेवा, पाण्यापासून दूर असला म्हणजे झालं. पट्टीजवळ, मागे फ्यूज लावणारेही मी पाहिलेत. त्याने फक्त पट्टी राखली जाते. बॅटरीपासून तिथपर्यंतच्या चार-पाच मीटर वायरवर पहारा राहत नाही, आणि घासते तीच. चेसिसच्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट आणि वरून स्लीव्ह घालायची, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळून वेळ मारून नेणं, म्हणजे फ्यूज काढून टाकल्यासारखंच.

जाता जाता कायद्याचं: चालत्या गाडीच्या मागून नंबरप्लेटचा आणि रिव्हर्सचा सोडून पांढरा उजेड दिसता कामा नये. हौद्यातली लाइट उभ्या गाडीसाठी. अमरावती रोडवर ती पेटवून पळवायची नाही.

फ्यूज बसवून घेतल्यावर महिन्याभराने रात्री अकराला मावसभावाचा फोन आला. लाइट लागत नव्हती.

"खटका दाबल्यावर टिक वाजते का?"

"वाजते."

म्हणजे खटका आणि वेटोळं ठीक, ओझ्याच्या बाजूला तुटलंय. टिक वाजलीच नसती तर खटक्याकडची वायर तपासायला सांगितलं असतं.

"बॅटरीजवळचा फ्यूज काढून उजेडात धर."

"लाल आहे. आतली पट्टी तुटली दिसते. डब्यात दुसरा आहे, टाकू?"

"थांब. आधी क्रेट सरकव आणि पट्टीची वायर कुठं चेपली ते पाह्य."

पाच मिनिटांनी तो म्हणाला, पुढच्या कोपऱ्यातला क्रेट बरोबर वायरवर बसला होता. सोललेल्या जागी टेप मारली, क्रेट वीतभर मागे घेतला आणि मग लाल फ्यूज बसवला. फोनवरच टिक ऐकू आली, पाठोपाठ कोणीतरी क्रेट मोजायला लागलं.